गळतीचा आकडा

विजेचा दर कोण ठरवितें, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित घरीं विचारला, तर बहुधा "सरकार" हें उत्तर मिळतें. थोडा अधिक विचार करणारे गृहस्थ "कंपनी" असें म्हणतात. दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. महाराष्ट्रांत हें काम १९९९ मध्यें स्थापन झालेल्या एका आयोगाकडे आहे. दर ठरविण्यापूर्वीं तो मागणाऱ्याला आपला जमाखर्च लोकांपुढें मांडावा लागतो, आणि त्या जमाखर्चावर कोणाही ग्राहकास लेखी हरकत घेतां येते. त्यासाठीं मतदारयादींत नांव असावें लागत नाहीं, कीं निवडणुकीची वाट पाहावी लागत नाहीं. पांच वर्षांतून एकदां दिलेल्या मतानें आपण राज्यकर्ते निवडतों; परंतु युनिटमागें किती पैसे पडावेत, हा प्रश्न त्या वेळीं कोणी आपणांस विचारीत नाहीं. तो अन्यत्र सुटतो. तेथवर सामान्य माणसाचा हात कसा पोंचला, आणि पोंचल्यावर त्याच्या हातीं काय लागलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

श्रोतेहो, प्रथम थोडें मागें जाऊं. मुंबईंत वीज पुरविणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्यें निघाली. पुढें १९१० चा वीज कायदा आला. त्या कायद्याची कल्पना साधी होती: ज्याला गांवांत तारा ओढावयाच्या असतील त्यानें सरकारचा परवाना घ्यावा, व परवान्यांत घालून दिलेल्या मर्यादेंत दर आकारावा. परवाना देणारें सरकार आणि घेणारी कंपनी हे दोनच पक्ष. दिवा लावणारा गृहस्थ या व्यवहारांत कोठेंच नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठवडाभर आधीं, मुंबईची ती कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली. १९४८ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची सोय केली. त्या कायद्यांत एक सल्लागार परिषदही होती. परंतु सल्ला ऐकण्याचें बंधन मात्र कोणावरही नव्हतें. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्यें, राज्याच्या स्थापनेपाठोपाठ, उभें राहिलें.

या मंडळाविषयीं अनुदार उद्गार काढणें बरें नव्हे. खेडोपाडीं खांब उभे करून ज्या घरांत रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास होत असे तेथें त्यानें दिवा नेला. परंतु दराच्या बाबतींत मंडळ हेंच मागणारें आणि मंडळ हेंच देणारें होतें. खर्च वाढला कीं दर वाढे. कारण विचारावयाचें तर वृत्तपत्राला पत्र लिहावें, आमदाराच्या घरीं खेटे घालावेत, किंवा मोर्चा काढावा. मोर्च्यानें कधीं कधीं दरवाढ पुढें ढकलली जाई, हें खरें आहे. पण मोर्च्याला हिशेबाची वही कोणी दाखवीत नसे, आणि वही पाहिल्याखेरीज दर योग्य कीं अयोग्य हें मोर्चेकऱ्यांनीं तरी कसें सांगावें?

ही उणीव सर्वांच्या डोळ्यांत भरली ती दाभोळ प्रकरणानें. जून १९९२ मध्यें मंडळ आणि एन्रॉन ही अमेरिकन कंपनी यांच्यांत प्राथमिक कागद झाला, व डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार झाला. रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत प्रचंड वीजकेंद्र उभें राहावयाचें होतें, आणि त्याच्या विजेचे पैसे पुढील वीस वर्षें आपल्याच बिलांतून जावयाचे होते. जागतिक बँकेनें १९९३ मध्येंच ही योजना आर्थिक दृष्ट्या परवडणारी नाहीं असें कळविलें होतें. तथापि करार गुप्त राहिला. ज्यांनीं पैसे द्यावयाचे त्यांनींच कागद पाहावयाचा नाहीं, अशी ती व्यवस्था! पुण्यांत १९९४ मध्यें स्थापन झालेल्या "प्रयास" या संस्थेंतील गिरीश संत व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, हातीं आलेल्या कागदांवरून, या विजेचा दर कसा व किती चढत जाईल याचें गणित मांडून १९९५ मध्यें प्रसिद्ध केलें. गणित बरोबर होतें. परंतु तें दाखल करावयाचें कोठें? ऐकून उत्तर देण्यास बांधलेला असा कोणीच नव्हता. १९९५ च्या ऑगस्टमध्यें नव्या सरकारनें करार रद्द केला, १९९६ मध्यें तो फिरून केला, आणि १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाल्यावर ती वीज कांहीं महिन्यांत युनिटमागें सात रुपयांच्या घरांत गेली. मे २००१ मध्यें केंद्र बंद पडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचें दिवाळें वाजलें. या प्रकरणाचा राजकीय तमाशा सर्वांना स्मरतो. मला त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: मतदारांनीं १९९५ मध्यें सरकार बदलून पाहिलें, आणि तरीही करार जवळजवळ जागच्या जागीं राहिला.

याच सुमारास, १९९८ मध्यें, संसदेनें वीज नियामक आयोगांचा कायदा केला. त्यामागें कर्जाऊ पैसा देणाऱ्या परकीय बँकांचा आग्रह होता, खाजगी भांडवलाला भरवसा द्यावा हाही हेतु होता. ग्राहकाच्या प्रेमानें हा कायदा झाला असें मानण्याइतकें भोळें कोणी असूं नये. पण कायद्याच्या पोटांत कांहीं कलमें अशीं होतीं कीं, त्यांचा उपयोग करणारा मनुष्य भेटला तर त्यांतून निराळेंच कांहीं निघावें. ऑगस्ट १९९९ मध्यें महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. मंडळाला आतां दरवाढ स्वतः जाहीर करतां येईना. न्यायालयांत दावा लावावा तसा त्याला आयोगापुढें अर्ज करावा लागला. अर्जाबरोबर सारा जमाखर्च आला, त्याची जाहिरात वृत्तपत्रांत आली, त्याच्या प्रती लोकांना विकत मिळूं लागल्या, आणि लोकांच्या लेखी हरकतींना मंडळानें लेखी उत्तर देणें भाग पडलें. मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या चार संस्थांना आयोगानें ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधि म्हणून मान्यता दिली. पैकीं दोन कारखानदारांच्या होत्या, हें विसरूं नये; कारखानदारही ग्राहकच असतो, मात्र त्याचा आणि घरगुती ग्राहकाचा हितसंबंध नेहमीं एकच असतो असें नाहीं.

आतां त्या गळतीच्या आकड्याकडे येतों. येथें मला थोडें फळ्याशीं उभें राहावें लागेल. परंतु या हिशेबाला मॅट्रिकच्या अंकगणितापलीकडचें कांहीं लागत नाहीं.

वीजकेंद्रांतून जेवढी वीज तारांत सोडली जाते तेवढी सारी ग्राहकापर्यंत पोंचत नाहीं. तारा तापतात, रोहित्रें तापतात, त्यांत कांहीं भाग जातो. कांहीं चोरीला जातो. कांहीं मीटर बंद वा मंद असल्यानें मोजलाच जात नाहीं. या सर्वांस मिळून गळती म्हणतात. नव्वदीच्या दशकांत मंडळ ही गळती शेंकडा सतरा-अठरा असल्याचें सांगत असे, आणि देशांतील अन्य मंडळांच्या तुलनेनें ती थोडी असल्याबद्दल आपली पाठही थोपटून घेत असे. आतां हा आकडा निघत असे कसा, तें पाहा. समजा, तारांत शंभर युनिटें सोडलीं. घरें, दुकानें, कारखाने यांच्या मीटरांवर पन्नास युनिटें भरलीं. उरलेल्या पन्नासांत शेतीचे पंप आणि गळती हीं दोन्ही आलीं. परंतु बहुतेक पंपांना मीटरच नव्हते. त्यांचें बिल पंपाच्या अश्वशक्तीवर आकारलें जाई. तेव्हां पंपांनीं किती वीज घेतली हें मोजून नव्हे, अंदाजानें ठरे. पंपांनीं तीस घेतलीं म्हटलें कीं गळती वीस होते. पंपांनीं अठराच घेतलीं म्हटलें तर ती बत्तीस होते. हे आकडे मीं केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण खुबी अगदीं हीच होती. गळती मोजली जातच नव्हती. शेतकऱ्याच्या नांवावर काय टाकावें हें ठरल्यावर जें उरे त्याला गळती म्हणत.

आयोगापुढील पहिल्याच सुनावणींत ग्राहक प्रतिनिधींनीं नेमका हाच धागा ओढला. कांहीं पंपांना मीटर होते. त्या पंपांचा मंडळाच्याच दफ्तरांत नोंदलेला सरासरी वापर किती? अश्वशक्तीमागें पंप वर्षाकांठीं किती तास चालला असें मंडळानें धरलें आहे, आणि तितके तास गांवांत वीज तरी असते काय? या प्रश्नांत वक्तृत्व मुळींच नव्हतें. परंतु तो कागदावर होता, मंडळाला मिळाला होता, आणि त्याचें उत्तर दिल्याशिवाय पुढें जातां येत नव्हतें. परिणाम असा झाला कीं, २००० सालच्या पहिल्या निर्णयांत गळती शेंकडा तीसच्या वर धरली गेली, आणि २००२ च्या निर्णयापर्यंत ती चाळिसाच्या जवळपास जाऊन पोंचली. तारा त्याच होत्या, रोहित्रें तींच होतीं. दोन वर्षांत वीज अधिक गळूं लागली असें नव्हे. वर्षानुवर्षें गळत असलेली वीज आतां कोठें कागदावर दिसूं लागली.

या आकड्याचा अर्थ आपणां शहरवासीयांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. पंपाची वीज सवलतीची असते, तिचा भार थोडासा सरकार व बराचसा इतर ग्राहक उचलतात, ही गोष्ट खरी आहे व आजही खरी आहे. परंतु "राज्याची एवढी वीज शेतकरी फुकापासरीं खातो, म्हणून आमचें बिल चढतें" असें जें आपल्या बैठकींतून सर्रास बोललें जाई, त्यांतली बरीचशी वीज शेतापर्यंत गेलेलीच नव्हती. ती वाटेंत गळाली वा चोरीला गेली होती. आणि ही चोरी कांहीं केवळ खेड्यांत होत नव्हती, शहरांत आणि कारखान्यांतही होत होती. तीस टक्के गळतींत सारा दोष तारांच्या तापण्याचा नव्हता. बाकी मीटर न वाचणाऱ्याचा, आंकडा टाकणाऱ्याचा आणि त्याकडे डोळेझांक करणाऱ्याचा. एका खोट्या बेरजेनें गांव आणि शहर यांच्यांत वर्षानुवर्षें वैमनस्य पेरलें, याचें मला त्या पैशांहूनही अधिक वाईट वाटतें.

दराचें काय झालें, असें कोणी विचारील. दर वाढलाच; मात्र मंडळानें मागितला होता त्याहून बराच कमी वाढला. रोहित्रांवर व वाहिन्यांवर मीटर बसवावेत, गळती कमी करण्याची मर्यादा पाळावी, आणि स्वस्त वीज प्रथम व महाग वीज शेवटीं घ्यावी, असे आदेश आयोगानें दिले. या शेवटच्या नियमाची झळ दाभोळच्या विजेला लागली.

आपल्याकडे हें चाललें असतां कलकत्त्यास निराळाच वाद पेटला होता. तेथील आयोगानें ग्राहकांस ऐकून घेऊन दर ठरविला. वीजकंपनी उच्च न्यायालयांत गेली, आणि ग्राहकांना अशी सरसकट सुनावणी देण्यासच त्या न्यायालयानें हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत पोंचलें. ३ ऑक्टोबर २००२ च्या निकालांत त्या न्यायालयानें सांगितलें कीं, दर ठरतांना आपलें म्हणणें मांडण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानेंच दिला आहे. लाखों लोकांनीं एकदम येऊन काम अडूं नये यासाठीं आयोगानें फार तर नियम करावेत. हा निकाल उलटा लागला असता, तर आपल्या आयोगाच्या सुनावण्याही आयोगाच्या मर्जीवर राहिल्या असत्या.

पुढें २००३ चा वीज कायदा आला व त्यानें १९१०, १९४८ आणि १९९८ हे तिन्ही कायदे गुंडाळून ठेवले. त्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारांत घेऊन १२० दिवसांच्या आंत आयोगानें निर्णय द्यावयाचा असतो. निर्णयानें ज्याचें नुकसान होतें त्याला ४५ दिवसांत दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जातां येतें. घरगुती गाऱ्हाण्यांसाठीं, म्हणजे चुकीचें बिल, बंद मीटर, न मिळणारी जोडणी यांसाठीं, प्रत्येक वीजकंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच नेमावा लागतो, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल असतो. आपल्या राज्यांत मुंबईस एक व नागपुरास एक असे दोन आहेत. सेवेस ठरीव मुदतीहून अधिक विलंब झाल्यास ग्राहकाला भरपाई देण्याचीही तरतूद आहे. आयोग कायदेशीर नियम करतो तेव्हांही आधीं मसुदा प्रसिद्ध करून लोकांचें म्हणणें मागवितो. २००५ च्या जूनमध्यें जुन्या मंडळाचे तुकडे होऊन महावितरण ही कंपनी निघाली, तरी ही व्यवस्था तशीच चालू राहिली. महावितरणच्या अर्जावरील सुनावण्या मुंबईपुरत्याच नव्हत्या. नवी मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर), अमरावती व नागपूर अशा ठिकाणीं आयोग स्वतः जाऊन बसत असे.

भारनियमनाच्या दिवसांत पुण्याला याचा एक चमत्कारिक उपयोग झाला. कारखानदारांपाशीं स्वतःचीं वीजयंत्रें होतीं. त्यांनीं तीं चालवावीं, म्हणजे तेवढी वीज शहराला मोकळी होईल, आणि वाढीव खर्च शहरानें थोड्या जादा आकारानें सोसावा, अशी योजना २००६ मध्यें आयोगापुढें आली. तिच्यावर जाहीर सुनावणी झाली, आणि थोडी वीज वापरणाऱ्या घरांस त्या जादा आकारांतून वगळून ती अमलांत आली. पुण्याचे पंखे फिरूं लागले. पैसे देऊं शकणाऱ्या शहरानें अंधारांतून सुटका करून घ्यावी आणि शेजारच्या तालुक्यानें मात्र बारा-बारा तास अंधारांत बसावें, हें कितपत न्याय्य, असा प्रश्न तेव्हांही विचारला गेला होता. मला तो अद्याप सुटलेला वाटत नाहीं. पण निदान तो चारचौघांत, कागदोपत्रीं विचारला गेला.

या पद्धतीचे दोष झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. अर्जाचे ग्रंथ शेंकडों पानांचे, इंग्रजींत. मराठींत मिळतो तो बहुधा सारांश. सुनावणी कामाच्या दिवशीं, कामाच्या वेळीं. सभागृहांत पुढाऱ्यांचे अनुयायी घोषणा देऊन जातात, आणि त्या गोंधळांत एखाद्या वृद्ध गृहस्थानें रात्र रात्र बसून काढलेली बेरीज ऐकूं येत नाहीं. मीं वाचलेल्या निर्णयांत "अमुक ग्राहकांनीं दरवाढीला तीव्र विरोध केला" एवढ्या एका वाक्यांत निकालांत निघालेल्या हरकती पुष्कळ आहेत. आणि खरें सांगावयाचें तर त्यांतल्या बऱ्याच हरकतींत निषेधापलीकडे कांहीं नव्हतेंच. "दर परवडत नाहीं" याला आयोगापाशीं उत्तर नसतें. "अमुक तक्त्यांतील अमुक रक्कम मागील वर्षीं एवढी होती, यंदा ती दुप्पट कां?" याला उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ती रक्कम कापली जाते. तसेंच, कोणत्या वर्गाला सवलत द्यावयाची आणि सरकारच्या तिजोरींतून किती द्यावयाचें, हें सरकारच ठरवितें. तेवढ्यापुरतें मताचें महत्त्व आहेच.

पंपांचा प्रश्न २००२ मध्यें मिटला असें मात्र समजूं नये. मीटर बसले, बिघडले, बसलेले कित्येक वाचले गेले नाहींत, आणि आकडा हळूहळू पुन्हां शेतीच्या नांवावर सरकूं लागला. इचलकरंजीहून काम करणारी महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना, प्रयास व इतर कांहीं जण सुनावणीमागून सुनावणींत तेंच विचारीत राहिले: हे तास कोणीं मोजले? अखेर आयोगानें शेतीच्या वापराचा अभ्यास करण्यासाठीं एक गट नेमला, आणि मार्च २०२० च्या निर्णयांत त्याच्या अहवालावरून शेतीचा वापर कमी व गळती अधिक धरली. पहिल्या निर्णयानंतर याला वीस वर्षें लागलीं.

पुढील अर्जाची जाहिरात वृत्तपत्रांत येईल तेव्हां ती चुकूं नये म्हणून सांगतों: ती बारीक टायपांत, बहुधा अर्ध्या पानाची असते, आणि दरांच्या तक्त्यांनीं भरलेली असल्यामुळें वाचक ती ओलांडून पुढें जातो. हरकत कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पत्त्यावर द्यावयाची, आणि सुनावणी कोणत्या दिवशीं व कोठें आहे, हें त्या तक्त्यांच्या खालीं, अगदीं शेवटच्या परिच्छेदांत छापलेलें असतें.